भाताची पावती आणि तिचे आठ पूर्वज

सकाळी साडेसहा

वैशाखऱ्यात नेट सगळ्यात चांगलं चालतं ते या वेळेला. म्हणून डेटाबेसचा बॅकअप उतरवून घेणं, कोडच्या नव्या आवृत्त्या ओढून घेणं ही जड कामं मी चहाच्या आधी लावून देते. नोव्हेंबर आहे. खाचरं मोकळी झालीत, खळ्यांवर झोडणी चालू आहे आणि कल्याण–नगर रस्त्यानं गोण्या भरलेले टेम्पो मुरबाडच्या दिशेनं जायला लागलेत. बाहेरच्यांना आमचं गाव माहीत असतं ते नाणेघाटाच्या वाटेसाठी. शनिवार-रविवारी एसटीतून पाठीवर सॅक घेतलेली मुलं उतरतात, वाट विचारतात आणि निघून जातात. मी इथेच असते. ठाण्यातल्या एका छोट्या कंपनीसाठी घरून वेब सॉफ्टवेअर लिहिते.

सध्या माझ्या वाट्याला आलेलं गिऱ्हाईक म्हणजे सरळगावच्या बाजूची एक भातगिरणी. शेतकऱ्यांकडून आणि लहान व्यापाऱ्यांकडून भात घ्यायचं, भरडायचं, तांदूळ विकायचा. त्यांचा हिशेब ईआरपीनेक्स्टवर चालतो. हे सॉफ्टवेअर मुंबईत जन्मलं. रुषभ मेहता यांनी २००८ मध्ये सुरू केलेली कंपनी, जी आज फ्रॅपे टेक्नॉलॉजीज म्हणून ओळखली जाते, ती ते बनवते. सगळा सोर्स कोड उघडा आहे. कुणीही वाचावा, बदलावा, आपलं अ‍ॅप त्याच्यावर बसवावं. आजचं दुखणं या ‘वर बसवण्या’तूनच निघालं.

पावणेनऊ

गिरणीत हिशेब बघणाऱ्या काकांचा फोन.

‘मॅडम, ओलावा कापतच नाय हो हा.’

‘कधीपासून, काका?’

‘शनवारपासून. तो काट्याचा पोरगा येऊन काय तरी बसवून गेला ना, तवापासून. भात हाताला ओलं लागतंय आन् पावतीवर वजन तेवढंच. बारदानपण धरत नाय.’

‘एक पावती दाखवा मला. आणि नव्या पावत्या फक्त सेव्ह करा, सबमिट करू नका.’

ओलावा १७ टक्क्यांच्या वर गेला की पुढच्या प्रत्येक टक्क्याला एक टक्का वजन कापायचं, असा या गिरणीचा रिवाज. १७ हा आकडा सरकारी खरेदीतला. हमीभावानं घेतल्या जाणाऱ्या भाताला ओलाव्याची तेवढीच मर्यादा असते. काकांनी पाठवलेल्या पावतीत ४० गोण्या होत्या, काट्यावर १६२० किलो. गोणीमागे अर्धा किलो बारदान धरलं तर २० किलो वजा, राहिले १६००. मीटरवर ओलावा २० टक्के, म्हणजे तीन टक्के कपात, ४८ किलो. पावतीवर १५५२ यायला हवेत. आले होते १६२०. २०२५-२६ च्या खरिपात साधारण भाताचा हमीभाव क्विंटलला २३६९ रुपये होता. त्या दरानं धरलं तरी या एका पावतीवर गिरणीचे सोळाशे अकरा रुपये जास्त जात होते. गिरणीचं नुकसान होतं म्हणून फोन दोन दिवसांत आला. चूक उलटी असती आणि शेतकऱ्याचं वजन कमी लागत असतं, तर तो फोन कुणी आणि कधी केला असता याची मला शंका आहे.

सव्वानऊ

एररच्या नोंदी उघडल्या. एक ओळ नाही. सर्व्हरच्या मते सगळं झकास चाललं होतं. असा बिघाड मला सगळ्यात नकोसा वाटतो. आरडाओरड करून बंद पडणारा प्रोग्राम परवडला.

गिरणीसाठीचं हे अ‍ॅप आमच्याकडे आलं ते आधीच्या एका कंत्राटदाराकडून. त्यानं ‘परचेस रिसीट’, म्हणजे माल आल्याची पावती, या क्लासपासून आपला एक क्लास काढला होता. त्यात व्हॅलिडेट नावाची मेथड: आधी वजनात कपात करायची, मग ‘सुपर’ म्हणून वरच्या पिढीच्या व्हॅलिडेटला बोलवायचं. ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. इन्हेरिटन्समध्ये नवा क्लास हा जुन्याचाच एक प्रकार आहे असं आपण जाहीर करतो. त्या बदल्यात जुन्याचं सगळं काम आयतं मिळतं आणि हवं तेवढंच बदलता येतं. कंपोझिशनमध्ये नवा क्लास जुन्याचा प्रकार नसतो. तो जुन्याला जवळ बाळगतो आणि लागेल तेव्हा त्याला काम सांगतो.

आता या पावतीची वंशावळ बघा. परचेस रिसीटच्या वर बायिंग कंट्रोलर. त्याच्या वर सबकाँट्रॅक्टिंग कंट्रोलर, मग स्टॉक कंट्रोलर, अकाउंट्स कंट्रोलर, ट्रान्झॅक्शन बेस, स्टेटस अपडेटर, डॉक्युमेंट आणि सगळ्यात वर बेस डॉक्युमेंट. आठ पूर्वज. शेतकऱ्यानं खळ्यावरून आणलेल्या चार गोण्यांची पावती सेव्ह करतानाही ती सबकाँट्रॅक्टिंगच्या घरातून फिरून येते, कारण कच्चा माल बाहेर पाठवून काम करून घेणाऱ्या कारखान्यांची सोय त्याच वंशात बसवली आहे. मी याला नावं ठेवत नाही. खरेदी, विक्री, साठा, खाती या सगळ्यांचे नियम एकमेकांत गुंतलेले असतात आणि ते एका जागी ठेवायला कुठेतरी उतरंड करावीच लागते. पण एका नियमाचा उगम शोधताना आठ फाइली उघड्या ठेवून बसावं लागतं, हेही खरं.

त्या आठांच्या आणि परचेस रिसीटच्या खाली कंत्राटदाराचा क्लास, दहावी पिढी. आणि शनिवारी वजनकाटा पुरवणाऱ्यांच्या मुलानं बसवलेल्या अ‍ॅपमध्येही परचेस रिसीटपासून काढलेला एक क्लास निघाला. गाडीचं रिकामं वजन नोंदवलंय का, एवढंच तो तपासत होता. दोन्ही अ‍ॅपनी फ्रॅपेला, म्हणजे ईआरपीनेक्स्टच्या पायाच्या फ्रेमवर्कला, एकच गोष्ट सांगितली होती: परचेस रिसीटच्या जागी माझा क्लास वापर. फ्रॅपेचा नियम साधा आहे. एकाच दस्तासाठी अशी दोन नावं आली तर यादीतलं शेवटचं घ्यायचं. काटा नंतर बसला, म्हणून काट्याचा क्लास चालू झाला. आमचा क्लास डिस्कवर शाबूत होता, त्याला कुणी बोलवत नव्हतं.

यात फ्रॅपेचं काही चुकलं असं मला वाटत नाही. एका वस्तूचा क्लास एकच असू शकतो. दोन अनोळखी माणसांनी ‘मीच तो’ म्हटलं तर कुणीतरी एकच निवडावा लागणार. प्रश्न असा आहे की ही दोन कामं ‘मीच तो’ म्हणण्याच्या लायकीची होती का.

साडेदहा

ठाण्याच्या ऑफिसबरोबर कॉल. आमच्या टीमचे थोरले, ज्यांना सगळे दादा म्हणतात, त्यांचं म्हणणं सरळ होतं.

‘आपला क्लास परचेस रिसीटपासून काढण्याऐवजी काट्याच्या क्लासपासून काढ. दहावा त्यांचा, अकरावा आपला. आणि यादीत आपलं नाव शेवटी येईल असं बघ. दहा मिनिटांचं काम. गिरणीच्या दारात गाड्या उभ्या आहेत.’

‘चालेल, दादा, आजचा दिवस चालेल. पण उद्या त्यांनी काटा बदलला आणि ते अ‍ॅप काढून टाकलं, तर आपल्या क्लासला बापच राहणार नाही. मग ओलावाच नाही, पावतीच निघायची बंद होईल.’

‘काटा रोज बदलतात का?’

‘रोज नाही. पण काट्याचं अ‍ॅप कधी अपडेट होईल ते आपल्या हातात नाही. त्यांनी आत एका मेथडचं नाव बदललं तरी आपली कपात जाईल, आणि परत एररची ओळ दिसणार नाही.’

यावर दादा गप्प झाले. त्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता. गिऱ्हाईक थांबलेलं असताना सुंदर रचनेच्या गप्पा मारणाऱ्या माणसाचा मलाही राग येतो. पण आईबाप-क्लास आतून बदलला की लेकराचं काय होतं, हे जुनं रडगाणं आहे. जोशुआ ब्लॉक यांनी २००१ च्या ‘इफेक्टिव्ह जावा’त त्याचं एक उदाहरण दिलंय. आत किती वस्तू टाकल्या ते मोजणारा एक संच त्यांनी जावाच्या हॅशसेटपासून काढला. एकदम तीन वस्तू टाकल्या तर मोजणी निघाली सहा. कारण ‘सगळ्या टाक’ ही मूळची मेथड आतून ‘एक टाक’ला तीनदा बोलवत होती आणि नव्या क्लासनं दोन्ही ठिकाणी मोजलं. बाहेरून हे दिसत नाही. वरच्या पिढीचा आतला कारभार माहीत असल्याशिवाय नीट वंश चालवता येत नाही, असा त्याचा अर्थ. काट्याच्या अ‍ॅपचा आतला कारभार आम्हाला कोण सांगणार?

शेवटी दादा म्हणाले, ‘एक तास. नाहीतर माझा उपाय.’

पावणेबारा

एक तास म्हणाले होते तो असाच उडाला, कारण मध्ये वीज गेली. लॅपटॉप आणि राउटर इन्व्हर्टरवर आहेत, काम थांबलं नाही, पण पंपाचं पाणी, शेजारच्यांचा फोन, आईचं दळण या सगळ्याचा कारभार अशा वेळी माझ्याच दारात येतो. दादांनी वेळ वाढवून दिला.

फ्रॅपेत दुसरी सोय आहे, तिचं नाव डॉक इव्हेंट्स. पावतीच्या आयुष्यात ठरावीक क्षण येतात: तपासणीच्या आधी, तपासणी, सेव्ह, सबमिट, रद्द. त्या प्रत्येक क्षणी ‘माझं हे फंक्शनही चालव’ असं कुठलंही अ‍ॅप सांगू शकतं. इथे शेवटचाच जिंकतो असं नसतं. ज्यांनी ज्यांनी सांगितलं त्या सगळ्यांची फंक्शनं ओळीनं चालतात. फ्रॅपेच्या डॉक्युमेंट क्लासमध्ये ही जोडणी करणारं जे आतलं फंक्शन आहे त्याचं नावच ‘कंपोझ’. आधी क्लासची स्वतःची मेथड, मग बाकीच्यांची फंक्शनं. दोन अनोळखी अ‍ॅपनी एका पावतीवर शेजारी शेजारी बसायचं असेल तर ही जागा आहे.

कुठल्या क्षणी जोडायचं, हे मात्र विचार करून ठरवावं लागलं. तपासणीच्या क्षणी जोडलं असतं तर उशीर झाला असता. तोवर परचेस रिसीटच्या पूर्वजांनी वजन गुणिले दर करून रकमा काढलेल्या असतात; मग वजन कापलं तरी रक्कम जुनीच. म्हणून ‘तपासणीच्या आधी’.

लिहायला बसवलं ते आमच्याकडच्या नव्या मुलाला. तो कल्याणहून स्क्रीन शेअर करून बसतो, मला ताई म्हणतो. त्याचा पहिला आराखडा कॉलेजच्या पुस्तकासारखा देखणा होता. वर ‘भातपावती’, खाली ‘शेतकरी भातपावती’ आणि ‘व्यापारी भातपावती’, त्या प्रत्येकाखाली ओली आणि सुकी.

‘आणि बारदान?’ मी विचारलं. ‘काही जण आपल्या गोण्या आणतात, काहींना गिरणी देते.’

त्यानं मोजलं. ‘आठ क्लास होतील, ताई.’

‘वाडा कोलमला वेगळा भाव लावायचा असं गिरणीचे शेठ परवा म्हणत होते.’

‘सोळा.’

तो स्वतःच हसला. एकेक नवा मुद्दा आला की क्लास दुप्पट, आणि सोळांपैकी कुठल्या दोनांत काय फरक आहे ते कुणालाच सांगता येणार नाही. गिरणीच्या दृष्टीनं ओली पावती आणि सुकी पावती अशा दोन जाती नसतातच. पावती एकच, कधी तिला ओलाव्याची कपात लागते, कधी लागत नाही.

तेव्हा कपातींचेच लहान लहान तुकडे केले. बारदानाची कपात हा एक, ओलाव्याची हा दुसरा. दोघांना एकच काम: आलेलं वजन घ्यायचं, किती किलो कापले आणि का ते परत द्यायचं. पावती कोणाची आहे त्यावरून तुकड्यांची यादी ठरते. शेतकऱ्याची असेल तर दोन्ही. ठरलेल्या व्यापाऱ्याची, जो सुकवूनच आणतो, त्याची असेल तर नुसतं बारदान. कोलमचा भाव हा तर क्लासचा प्रश्नच नव्हता. ईआरपीनेक्स्टच्या दरपत्रकात तो एका ओळीचा आहे.

मुलानं तुकडे भराभर लिहिले आणि वजनातून कपात वजा करून ते त्याच रकान्यात ठेवलं. मी त्याला पावती एकदा सेव्ह करायला लावली, मग काही न बदलता पुन्हा सेव्ह करायला लावली. वजन परत घटलं. दुसऱ्याच सेव्हला शेतकऱ्याचे आणखी सहासष्टेक किलो गेले होते. काट्यावरचं मूळ वजन वेगळ्या रकान्यात जपायचं आणि दर वेळी तिथूनच नव्यानं हिशेब करायचा, हे त्यानं मग न सांगता केलं.

आणखी एक गोष्ट निघाली ती मला दिवसभरातली सगळ्यात मोलाची वाटते. आधी बारदान वजा करून मग ओलावा कापला तर १५५२ किलो येतात. आधी ओलावा कापून मग बारदान काढलं तर १५५१ किलो ४०० ग्रॅम. सहाशे ग्रॅमचा फरक, आणि तो शेतकऱ्याच्या खिशातला, कारण दुसऱ्या पद्धतीत गोणीच्या तागाचाही ओलावा कापला जातो. कंत्राटदाराच्या जुन्या क्लासमध्ये कुठलं आधी होतं? शोधायला वेळ लागला. बारदान एका मेथडमध्ये, ओलावा दुसऱ्या, दोन्हींच्या मध्ये एक सुपर. त्यात ओलावा आधी होता. कुणी ठरवून केलं असेल असं वाटत नाही; क्रम तसा पडला होता. आता तो यादीत लिहिलेला आहे, बारदान पहिलं, ओलावा दुसरा, आणि काकांनाही वाचून कळेल इतका उघडा आहे.

दीड

जेवण. नाचणीची भाकरी, वालाचं बिरडं. जेवताना मुलानं फोनवर विचारलेला प्रश्न डोक्यात होता: मग हे इन्हेरिटन्स आणलं तरी कुणी?

ते नॉर्वेतल्या ओले-युहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड यांनी, ओस्लोच्या नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये, सिम्युला ६७ या भाषेत. पुढे २००१ चं ट्युरिंग पारितोषिक दोघांना मिळालं. त्यांनी स्वतः लिहून ठेवलेल्या इतिहासात एक उदाहरण येतं: पुलावरचा टोलनाका आणि त्यापुढे रांगेत उभी वाहनं, काही ट्रक, काही बस. दोन्ही रांगेत उभी राहतात, दोन्ही टोल भरतात, बाकी वेगळी. मग जे समान ते एकदा लिहावं आणि ट्रक, बस त्याच्यापासून काढावेत. मला हे उदाहरण आवडायचं कारण आमच्या डोक्यावरच दोन हजार वर्षांपूर्वीचा टोलनाका आहे. सोपारा-कल्याणकडून जुन्नरला जाणारा सातवाहनांच्या काळातला व्यापार नाणेघाटानं चढायचा. नागनिकेचा लेख असलेली लेणी तिथेच आहेत, आणि घाटमाथ्यावर जो मोठा दगडी रांजण दिसतो तो जकातीचा म्हणून दाखवतात. जकात घेणाऱ्याला बैल आणि गाढव यांत फार फरक करायचा नसतो. ओझं वाहणारा प्राणी एवढं पुरतं. सिम्युलाची वाहनं तशीच. नक्कल करायच्या जगात जाती खरोखरच होत्या, म्हणून तिथे इन्हेरिटन्स शोभलं.

त्यानंतर लोकांनी ते कुठेही वापरलं. फक्त कोड पुन्हा लिहायला लागू नये म्हणून.

अडीच

चाचण्या चालवायला लावल्या. त्या संपेपर्यंत ईआरपीनेक्स्टच्या कोडचा जुना इतिहास चाळत बसले. हे माझं व्यसन आहे म्हणा.

ईआरपीनेक्स्टमध्ये पूर्वी ‘आयटम’, म्हणजे मालातला प्रत्येक नग, हा ‘वेबसाइट जनरेटर’ नावाच्या क्लासपासून निघालेला होता. वेब दुकान चालवणाऱ्यांना सोयीचं: प्रत्येक नगाला आपोआप वेबसाइटवरचं पान. पण त्याचा शब्दशः अर्थ असा व्हायचा की बारदानाची गोणी, यंत्राचा पट्टा, तांदळाचा कोंडा, सगळे वेबपानाचे प्रकार. पुढे हे मोडलं गेलं. आयटम साधा डॉक्युमेंट झाला आणि ‘वेबसाइट आयटम’ असा वेगळा दस्त आला, जो आयटमकडे बोट दाखवतो. ज्याला पान हवं त्याच्यापुरतं पान. मुंबईच्या या लोकांनी चालत्या सॉफ्टवेअरमध्ये, हजारो गिऱ्हाइकांचा डेटा सांभाळत हा बदल केला, आणि तो मला कुठल्याही पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणापेक्षा जास्त शिकवून गेला. २०२२ च्या चौदाव्या आवृत्तीत त्यांनी भारतातल्या जीएसटीचं काम आणि पगारपत्रकाचं काम मूळ सॉफ्टवेअरमधून काढून वेगवेगळ्या अ‍ॅपमध्ये नेलं, तोही याच वळणाचा निर्णय.

पण म्हणून उतरंड सगळीच मोडली का? नाही. फ्रॅपेतला प्रत्येक दस्त आजही डॉक्युमेंटपासूनच निघतो, आणि निघायला हवा. सेव्ह कसं करायचं, परवानगी कशी तपासायची, रद्द केलं की काय करायचं, हे डॉक्युमेंटनं सगळ्यांच्या वतीनं उघडपणे कबूल केलेलं आहे. गोदामांची झाडासारखी रचना नेस्टेडसेट या क्लासपासून येते. गोदामात कोठी, कोठीत रॅक, हे खरंच झाड आहे. १९८७ मध्ये बार्बरा लिस्कोव्ह यांनी जी कसोटी मांडली ती इथे पुरी होते: जिथे जिथे डॉक्युमेंट चालतो तिथे तिथे गोदाम ठेवा, काहीही बिघडत नाही. आमच्या क्लासच्या जागी काट्याचा क्लास ठेवला तर बिघडतं, हे शनिवारपासून दिसलंच. १९९४ च्या ‘डिझाइन पॅटर्न्स’ पुस्तकात गॅमा, हेल्म, जॉन्सन आणि व्लिसिडीस या चौघांनी कंपोझिशनकडे झुकतं माप दिलं, पण इन्हेरिटन्स टाकून द्या असं ते म्हणाले नव्हते. ब्राउझरच्या बाजूला रिअ‍ॅक्टच्या लोकांनी, आणि भाषांमध्ये २००९ च्या गो नं, ते जवळजवळ टाकूनच दिलं. मला तेवढं टोक पटत नाही. काही जण हल्ली प्रत्येक तीन ओळींचा वेगळा तुकडा करतात आणि मग तुकडे जोडणारा कोड मूळ कामाच्या दुप्पट होतो. तोही मी निस्तरला आहे.

माझा निकाल असा: वरचा क्लास ज्यानं लिहिला त्यानं ‘माझ्यापासून काढा’ असं सांगितलं असेल आणि तो शब्द पाळला जातो हे माहीत असेल, तरच वंश चालवायचा. नाहीतर शेजारी बसायचं.

सव्वातीनला चाचण्या पास झाल्या. सर्व्हरवर चढवलं. आमचा जुना क्लास काढून टाकला.

साडेचार

स्कूटरवरून गिरणी. शनिवारपासून सबमिट झालेल्या पावत्या दुरुस्त करायला कुणीतरी समोर बसणं गरजेचं होतं. ईआरपीनेक्स्टमध्ये सबमिट केलेली पावती खोडता येत नाही. ती रद्द करून सुधारित काढायची, जुन्या नंबरापुढे वजा एक असा नवा नंबर येतो. चांगली पद्धत आहे. काय बदललं ते पुढच्या माणसाला दिसतं. ज्यांचे पैसे देऊन झाले होते त्यांच्या पावत्या शेठनी तशाच ठेवायला सांगितल्या. ‘त्यांच्या दारात आता कोण जाणार मागायला.’

गिरणीच्या शेडमध्ये यंत्रं ओळीनं उभी आहेत: आधी साफ करणारं, मग खडे काढणारं, मग शेलर, सेपरेटर, पॉलिशर, ग्रेडर, आणि मधे मधे एलिव्हेटर. मागच्या वर्षी शेठनी पॉलिशर बदलला तेव्हा शेलरला हातही लावावा लागला नव्हता. दादांना मला हेच सांगायचं होतं.

काकांनी नवी पावती छापली. आता तिच्यावर काट्यावरचं वजन, बारदान २० किलो, ओलावा २० टक्के म्हणून ४८ किलो, निव्वळ वजन १५५२, अशा वेगळ्या ओळी येतात. प्रत्येक कपात आपलं कारण स्वतः परत देते, त्यामुळे त्या छापायला वेगळं काही लिहावं लागलं नाही. रांगेत उभ्या असलेल्या एका मावशींनी पावती हातात घेऊन बोट ठेवलं.

‘हे काय?’

‘ओलाव्याचे, मावशी. सतराच्या वरचे.’

‘मंग सुकवून आनलं तर कापनार नाय?’

‘नाही. सतरापर्यंत काहीच नाही.’

‘आदी कुनी सांगितला नाय ता.’

त्यांनी उरलेल्या गोण्या टेम्पोतून उतरवल्याच नाहीत, परत नेल्या. शेठ माझ्याकडे बघून म्हणाले, ‘तुमच्या पावतीनं माझं गिऱ्हाईक परत चाललं.’ पण नाराज नव्हते. ओलं भात भरडलं की कणी जास्त पडते आणि तांदळाचा भाव जातो, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

साडेसात

घरी येऊन काट्याच्या अ‍ॅपवाल्यांना मेल लिहिला. त्यांच्या क्लासमधली एकमेव तपासणी डॉक इव्हेंटमध्ये हलवता येईल, पंधरा-वीस ओळींचं काम आहे, हवं तर मीच लिहून पाठवते. तोवर गिरणीत परचेस रिसीटचा क्लास त्यांचाच राहील आणि आमची कपात त्याच्या शेजारी चालेल. नव्या मुलाला दोन चाचण्या वाढवायला सांगितल्या: काट्याचं अ‍ॅप असताना आणि नसताना.

ईआरपीनेक्स्टवर अ‍ॅप लिहिणाऱ्यांना एक विनंती आहे. गिऱ्हाइकाकडे आपलं अ‍ॅप बसवण्याआधी तिथल्या बाकीच्या अ‍ॅपची हुक्सची फाइल उघडा आणि ‘ओव्हरराइड डॉकटाइप क्लास’ शोधा. तुम्हाला बदलायचा आहे तोच दस्त तिथे आधीपासून असेल, तर ज्यानं तो लिहिलाय त्याला बसवण्याआधी एक फोन करा.